घरातलं माणूस नैराश्यात गेलं तर काय करायचं: सोलापुरातल्या नवख्या सोबत्यासाठी

हा लेख आजारी माणसापेक्षा त्याच्या शेजारी बसणाऱ्यासाठी लिहिला आहे. नवऱ्याचं, बहिणीचं, कॉलेजातल्या मित्राचं काहीतरी बिनसलंय हे दिसतंय, पण हात कुठून घालावा ते सुचत नाही, अशा माणसासाठी. अशा घरांमध्ये जाणं-येणं असल्याने एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसते. घरचे लोक माया करतात आणि त्या मायेपोटी समजावत राहतात, महिनोन्‌महिने समजावत राहतात. मग एक दिवस कुणीतरी म्हणतं, "चल, मी येतो सोबत," आणि सिव्हिलमध्ये केसपेपरच्या रांगेत उभं राहतं. बरं होण्याची सुरुवात बहुतेक वेळा तिथून झालेली मी पाहिली आहे. म्हणून खालच्या पायऱ्यांत समजावण्याला जागा कमी आणि सोबतीला जास्त आहे.

पहिली पायरी: ओळखायचं कसं

वाईट दिवस सगळ्यांनाच येतात. धंद्यात खोट आली, घरातलं कुणी गेलं, मुलगा नापास झाला, तर मन खचणारच. पण त्या खचलेल्या मनातही माणूस नातवंडाशी हसतो, आवडीचं जेवण पुढं आलं तर दोन घास जास्त खातो. नैराश्याच्या आजारात हे हळूहळू बंद होतं. डॉक्टर मंडळी ढोबळ खूण अशी धरतात: किमान दोन आठवडे, जवळपास रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास आहे किंवा कशातच गोडी उरलेली नाही. त्याच्या जोडीला झोप बिघडते. अनेकांना पहाटे तीन-चारलाच जाग येते आणि तीच वेळ सर्वांत जड जाते. भूक मरते किंवा उलट सारखं खावंसं वाटतं. अंगात त्राण राहत नाही, लक्ष लागत नाही, साधा निर्णय घेता येत नाही. आपण घराला ओझं झालोय, सगळं आपल्यामुळेच झालं, असं मनात घोळत राहतं. कधी जगणंच नको वाटतं.

पण आपल्याकडे "मला उदास वाटतं" असं म्हणत डॉक्टरकडे जाणारं माणूस क्वचितच भेटतं. ते शरीराचं बोलतं. डोकं जड आहे, छातीत धडधडतंय, पाठ धरलीय, अंगातला जीव गेल्यासारखं होतंय. विडी वळणारी बाई रोज हजार वळायची, ती पाचशे-सहाशेवर येते. वळलेल्या विड्या नाकारल्या जायला लागतात. ती जवळच्या दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घेते, दोन दिवस बरं वाटतं, की पुन्हा तेच. यंत्रमागावरचा गडी रडत नाही. तो चिडतो, घरी आला की भांडतो, शिंदी किंवा दारू वाढवतो. दारूने त्या रात्रीपुरती झोप येते आणि आजार मात्र खोल जातो. म्हातारं माणूस विसरायला लागतं, गप्प बसून राहतं, आणि घरचे म्हणतात "वयच झालंय". बारावीतलं पोर अभ्यासाला बसतं पण पान उलटत नाही, त्याला आपण आळशी ठरवतो.

बाळंतिणीकडे वेगळं लक्ष द्या. पहिली खेप, माहेरी आलेली मुलगी, बाळ झाल्यावर पहिले काही दिवस रडू येणं, चिडचिड होणं हे पुष्कळ जणींना होतं आणि आपोआप ओसरतं. दोन आठवडे उलटूनही ती रडतेच आहे, बाळाकडे बघवत नाही म्हणते, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नाही, तर ते थकव्यावर ढकलू नका. आशाताईंना सांगा किंवा प्रसूती जिथं झाली तिथल्या डॉक्टरांना गाठा. बाळाला दूध पाजत असतानाही देता येतील अशा गोळ्या आहेत.

हा आजार विरळा नाही. २०१५-१६ साली देशातल्या १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. त्यात साधारण वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्याचा आजार झाल्याचं दिसलं, आणि त्यातल्या बहुसंख्य लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. तुमच्या चाळीत, तुमच्या सोसायटीत असं कुणीतरी आत्ताही आहे.

कारण शोधत फार काळ घालवू नका. घराण्यातला वारसा, मेंदूतले बदल, शरीराचे आजार, कर्ज, मारहाण, एकटेपणा असं बरंच काही एकमेकांत मिसळलेलं असतं. "नेमकं काय झालं ते सांग" म्हणून आपण हटून बसतो, आणि त्या माणसाला स्वतःलाच ते माहीत नसतं. उत्तर देता येत नाही म्हणून ते आणखी गप्प होतं.

दुसरी पायरी: पहिलं बोलणं

बोलण्यासाठी वेळ निवडा. चार माणसं बसलेली असताना, जेवणाच्या ताटावर, भांडण झाल्यावर लगेच हा विषय काढू नका. समोरासमोर बसवून चौकशी केल्यासारखं तर मुळीच नको. गाडीवर मागे बसवून कंबर तलावाकडे एक चक्कर मारा, गच्चीवर अंथरूण टाकताना बोला, शेंगा सोलता सोलता बोला. नजर दुसरीकडे असली की जड गोष्टी निघतात.

सुरुवात झोपेपासून करा. झोप येत नाही हे सांगायला कुणाला लाज वाटत नाही. "बरेच दिवस झाले तुला झोप नाही, मला दिसतंय. पहाटे उठून काय करायलायस?" एवढं विचारा आणि थांबा. उत्तर यायला वेळ लागेल. या आजारात विचारच संथ होतात, शब्द सापडत नाहीत. ती शांतता भरून काढायची घाई करू नका.

आता काय बोलायचं नाही. "टेन्शन घेऊ नको." "मनावर घेऊ नको." "तुला काय कमी आहे?" "तुझ्यापेक्षा वाईट दिवस काढलेत आम्ही." "जरा बाहेर पड, आपोआप बरं वाटेल." ही वाक्यं वाईट हेतूने कुणी बोलत नाही. पण ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की चूक माझीच आहे, आणि अपराधी वाटणं हे तर या आजाराचं लक्षणच आहे. लाइट गेल्यावर मागावरच्या माणसाला रागावून माग चालत नाही. तसंच हे आहे.

त्याऐवजी साधं बोला. "तुला त्रास होतोय ते मला दिसतंय." "हा आजार आहे, याला औषध आहे." "तू काही बोलू नको, मी बसतो इथं." "दवाखान्यात जाऊन येऊ, मी हाय सोबत." मोठ्या माणसाशी बोलत असाल तर मान ठेवून, पण तितकंच सरळ: "बाबा, तुम्ही महिनाभर नीट जेवला नाहीत. उद्या आपण दोघं जाऊन दाखवून येऊ." आणि एक सांगते, पहिल्यांदा नकार आला तर तो शेवटचा समजू नका. आठवड्याने पुन्हा विचारा, त्याच आवाजात. घरात ज्याचं ते माणूस ऐकतं त्याला बोलवा. कधी मामा असतो, कधी जुना मित्र, कधी धाकटी बहीण.

तिसरी पायरी: जिवाला धोका आहे का, हे विचारायचंच

या पायरीला लोक सर्वांत जास्त घाबरतात. विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येईल असं वाटतं. तसं होत नाही. उलट, कुणीतरी स्पष्ट विचारलं याने पुष्कळांना सुटल्यासारखं वाटतं. आडून आडून विचारू नका. "जगणं नको वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?" असंच विचारा. "वेडंवाकडं काही मनात नाही ना?" असं विचारलं की "नाही" हेच उत्तर येतं, कारण तुम्हाला तेच ऐकायचंय हे त्या प्रश्नातूनच कळतं.

हो म्हटलं तर दचकू नका, शपथा घालू नका, पोराबाळांची आठवण करून देऊन ओशाळवू नका. "बरं केलंस सांगितलंस" म्हणा. मग विचारा की कसं, कधी, असं काही ठरवलंय का. ठरवलं असेल तर ही त्याच दिवसाची गोष्ट आहे, उद्याची नव्हे. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि थेट दवाखाना गाठा. सिव्हिलचा अपघात विभाग रात्रंदिवस चालू असतो. रुग्णवाहिकेसाठी १०८, तातडीच्या मदतीसाठी ११२. "कुणाला सांगू नको" असं वचन मागितलं तर ते देऊ नका. "तुला जपण्यासाठी ज्यांना सांगावं लागेल त्यांना सांगेन, बाकी कुणाला नाही" असं म्हणा.

घर सुरक्षित करणं हे नवख्या सोबत्याच्या हातातलं फार मोठं काम आहे. जिवावर उठायचा झटका बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो. तेवढा वेळ साधन हाताशी नसेल तर माणूस वाचतो. आपल्या जिल्ह्यात सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याकडे डाळिंब आणि द्राक्षाच्या बागा आहेत आणि फवारणीची औषधं घरातच माळ्यावर किंवा कॉटखाली ठेवायची सवय आहे. ती आजच हलवा. दुसऱ्याच्या शेतातल्या खोलीत कुलपात ठेवा, किल्ली आजारी माणसाजवळ नको. घरातल्या जुन्या गोळ्या काढून टाका. चालू असलेल्या गोळ्या आठवड्यापुरत्याच बाहेर ठेवा, उरलेल्या तुमच्या ताब्यात.

काही खुणा विचारण्याआधीच दिसतात. आवडत्या वस्तू वाटून टाकणं, उधारी अचानक चुकती करणं, लांबच्या नातेवाइकांना उगाच फोन करून निरोप घेतल्यासारखं बोलणं. बरेच दिवस तडफडणारं माणूस एकाएकी शांत झालं तर "चला, सुधारलं" म्हणून निश्चिंत होऊ नका, जवळ जाऊन विचारा.

आणि प्रयत्न झालाच असेल तर पोलीस केसच्या भीतीने दवाखान्यात न्यायला क्षणभरही थांबू नका. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं हा कायदा गृहीत धरतो, तिला शिक्षा न करता तिची काळजी घेणं ही शासनाची जबाबदारी मानतो. जबाब घेतला जाईल, तो खरा द्या. "चुकून प्यायलं" असं खोटं सांगितलं की पुढचा मानसोपचारच हुकतो.

चौथी पायरी: दाखवायचं कुठं

घरातून सुरू करता येईल असा मार्ग म्हणजे टेलिमानस. १४४१६ हा क्रमांक आहे, फुकट आहे, रात्रंदिवस चालतो. १० ऑक्टोबर २०२२ ला केंद्र सरकारने ही सेवा सुरू केली. भाषा निवडता येते, आणि सोलापूरसाठी ही सोय मोलाची आहे. पूर्व भागातल्या आजीला मनातलं तेलुगूत सांगणं सोपं जातं, अक्कलकोटकडच्या एखाद्या काकूंना कन्नडमध्ये. फोन आजारी माणसानेच करायला हवा असं नाही. "माझ्या भावाला असं होतंय, मी काय करू?" असं विचारायला तुम्हीही करू शकता. कुंभारीच्या घरकुलांतून शहरात यायचं म्हणजे दिवसाची मजुरी जाते, अशा घरांनी पहिलं पाऊल इथून टाकावं.

प्रत्यक्ष दाखवायचं असेल तर छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. ते डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे आणि तिथं मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जा, केसपेपर काढताना "मानसोपचार" असं स्पष्ट सांगा. रांगेत आजारी माणसाला उभं करू नका; त्याला सावलीत बसवा, रांग तुम्ही धरा. या आजारात तासभर गर्दीत उभं राहणं फार जड जातं आणि अर्ध्यातून परत गेलेली माणसं पुन्हा लवकर येत नाहीत. पाण्याची बाटली, डबा, जुन्या तपासण्यांचे कागद, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, आधार कार्ड सोबत ठेवा.

शहरात खासगी मानसोपचारतज्ज्ञही आहेत. तिथं जायला संकोच वाटत असेल, पाटीखाली कुणी पाहील असं वाटत असेल, तर आधी घरच्या फॅमिली डॉक्टरांकडे जा आणि "झोप, भूक, काम सगळं बिघडलंय, नैराश्य तर नाही ना?" असं थेट विचारा. सौम्य आजारात ते स्वतः सुरुवात करून देऊ शकतात किंवा चिठ्ठी देतात.

डॉक्टरांपुढे जायच्या आदल्या रात्री एका कागदावर चार गोष्टी लिहून काढा. केव्हापासून आणि काय काय बदललं. घराण्यात कुणाला असं झालं होतं का. दारू, तंबाखू, झोपेच्या गोळ्या किती. आणि चौथी, जी लोक हमखास विसरतात: पूर्वी कधी याच्या उलट काळ आला होता का? म्हणजे आठवडा-आठवडा झोप कमी पण उत्साह अफाट, बडबड, उधळपट्टी, मोठमोठे बेत. असं झालं असेल तर आजार वेगळा असू शकतो, औषधंही वेगळी लागतात, आणि नुसत्या नैराश्याच्या गोळ्यांनी नुकसान होऊ शकतं. म्हणून हे सांगितलंच पाहिजे. डॉक्टर थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर अशा तपासण्या सांगतील. त्या टाळू नका, कारण थायरॉइड कमी असलं तरी माणूस असाच मंद आणि उदास होतो.

मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात, गोळ्या तेच लिहितात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलून उपचार करतात. सौम्य आजाराला कधी बोलण्याचा उपचार पुरतो; मध्यम आणि तीव्र आजारात बहुधा दोन्ही लागतं. "शॉक देतील" ही भीती फार घरांत ऐकायला मिळते. तो उपचार फक्त काही रुग्णांना, फार तीव्र अवस्थेत सुचवला जातो, आणि भूल व स्नायू सैल करणारं औषध न देता तो करायला कायद्याने बंदी आहे.

पाचवी पायरी: गोळ्यांचे पहिले दोन महिने

उपचार सुटतात ते बहुतेक इथंच, म्हणून नीट वाचा. नैराश्याच्या गोळ्या, उदाहरणार्थ एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, दुसऱ्या दिवशी गुण देत नाहीत. फरक जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण गुण यायला सहा-आठही लागतात. त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच होतो: मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं, थोडी अस्वस्थता. म्हणजे सुरुवातीला गुण नाही आणि त्रास आहे. "या गोळ्या आपल्याला सोसत नाहीत" म्हणून डबी फेकली जाते. हे आधीच माहीत असलं तर तेवढे दिवस निभावता येतात. त्रास फार असेल तर स्वतः बंद न करता डॉक्टरांना फोन करा. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. लैंगिक इच्छा कमी होणं हाही एक परिणाम असतो. नवरा-बायको याबद्दल तोंड उघडत नाहीत आणि गोळ्या गुपचूप बंद होतात. डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय असतो.

सुरुवातीच्या आठवड्यांत अंगात थोडी ताकद आधी येते आणि मन मागे राहतं. त्या दिवसांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर, जास्त लक्ष ठेवा. अस्वस्थपणा एकदम वाढला, जीव नको अशी भाषा आली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

सवय लागते का? नैराश्याच्या या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही. पण एकाएकी बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होते, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करायच्या. झोपेच्या गोळ्यांची गोष्ट निराळी, त्यांची सवय खरोखर लागते. ओळखीच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय त्या आणून देत जाऊ नका.

बरं वाटायला लागल्यावरही पहिल्या खेपेला साधारण सहा ते नऊ महिने गोळ्या चालू ठेवायला सांगतात. बरं वाटतंय म्हणून थांबवणं हे आजार उलटण्याचं नेहमीचं कारण आहे. खर्च जड जात असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, जनऔषधी केंद्रात यातल्या अनेक गोळ्या बऱ्याच स्वस्त मिळतात.

सहावी पायरी: घरातले रोजचे दिवस

गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी मध्यम ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांना मोजक्या भेटींत मदत केली, आणि ज्यांना ही मदत मिळाली त्यांच्यात सुधारणा जास्त दिसली. त्या मदतीचा गाभा असा: मन लागण्याची वाट न बघता एक छोटी कृती करायची, मग दुसरी. मन कृतीच्या मागून येतं. तुम्ही समुपदेशक नाही, पण यातलं बरंच काही घरी जमतं.

कृती खरोखर छोटी हवी. "रोज फिरायला जा" ही छोटी कृती नाही. आंघोळ करून दारात दहा मिनिटं बसणं, ही आहे. आपल्याकडे पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरात धावपळ असते. त्या माणसाला सगळं भरायला लावू नका आणि "तू झोप, आम्ही करतो" म्हणून बाजूलाही बसवू नका. "एवढी पाइप धर, पिंप भरलं की सांग," एवढंच. काम झालं, आपला उपयोग झाला, एवढं त्या दिवशी पुरतं. पुढच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध. मग सकाळी सिद्धरामेश्वराच्या देवळापर्यंत तुमच्यासोबत. उन्हाळ्यात सोलापूरचं ऊन नऊलाच चढतं, तेव्हा उजाडताच निघा. पहाटे जाग आलेल्या माणसाला एकट्याने छताकडे बघत पडण्यापेक्षा ते सोपं जातं.

जेवणाचा आग्रह मोठ्या ताटाने करू नका. अर्धी भाकरी, थोडं दही, शेंगाची चटणी, दिवसातून जास्त वेळा. झोपण्या-उठण्याची वेळ सगळ्या घराची सारखी ठेवता आली तर ठेवा. दारू घरात नको.

मागे-पुढे होईल. चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी पुन्हा अंथरूण सुटत नाही. त्या दिवशी "एवढं करूनही तुझं हेच" हे वाक्य जिभेवर येतं. उठून दुसऱ्या खोलीत जा, पाणी प्या, पण ते बोलू नका.

पाहुणे, देव आणि लग्न

बातमी किती जणांना सांगायची हे आजारी माणसाला विचारून ठरवा. उपचाराची माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्क त्याला कायद्याने आहे, आणि घरातल्यांनीही तो पाळावा. बाकीच्यांना "तब्येत बरी नाही, औषध चालू आहे" एवढं पुरे.

अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जायचं असेल, पंढरीला जायचं असेल, दर्ग्यात जायचं असेल, तर जरूर जा. श्रद्धेने धीर मिळतो, प्रवासाने घराबाहेर पडणं होतं. गोळ्यांची डबी पिशवीत घ्या म्हणजे झालं. पण कुणी गोळ्या बंद करायला सांगत असेल, किंवा बाहेरची बाधा आहे म्हणून मारहाण करत असेल, कोंडत असेल, तर तिथून लगेच निघा. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

लग्नाबद्दल मी हात जोडून सांगते: बरं व्हावं म्हणून लग्न लावून देऊ नका. "जबाबदारी पडली की सुधारेल" असं म्हणणारं कुणी ना कुणी प्रत्येक घरात असतं. जबाबदारी हीच तर त्या माणसाला पेलत नाहीये. त्यात एका परक्या घरच्या मुलीला किंवा मुलाला काहीही न सांगता गुंतवायचं, नव्या घरात गोळ्या लपवायच्या, मग त्या सुटायच्या, आणि आजार दुप्पट होऊन उलटायचा. यात दोन आयुष्यं होरपळतात. आधी उपचार पुरा होऊ दे. नंतर स्थळ आलं तर पलीकडच्यांना खरं सांगा. बरं झालेली माणसं लग्न करतात, संसार नीट करतात, त्यासाठी लपवाछपवी लागत नाही.

कामाचं आणि पैशाचं

काम एकदम सोडायला लावू नका, पण तीव्र आजारात थोडी रजा लागतेच. मालकाला, मुकादमाला किंवा साहेबांना किती सांगायचं ते आजारी माणूस ठरवेल. डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागून घ्या. परत जाताना अर्ध्या दिवसापासून सुरुवात करता आली तर बरं. मोठे निर्णय, म्हणजे जागा विकणं, नोकरीचा राजीनामा, घटस्फोट, हे आजार उतरेपर्यंत पुढे ढकला. आरोग्य विमा असेल तर कागद वाचा. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण देणं विमा कंपन्यांना कायद्याने बंधनकारक आहे. बाह्यरुग्ण विभागाचा खर्च मात्र बहुतेक पॉलिसींत येत नाही.

सोबत्याचं काय

सोबत करणाराही थकतो, चिडतो, रात्री जागा राहतो. हे काम एकाच बाईवर पडू देऊ नका. आपल्याकडे ते हमखास सुनेवर किंवा आईवर पडतं. वाटून घ्या. दवाखान्याची तारीख एकाने, गोळ्या दुसऱ्याने, सकाळची फेरी तिसऱ्याने. आठवड्यातून एक संध्याकाळ तुम्ही घराबाहेर, मैत्रिणीकडे, भजनाला, कुठंही जा. तुमचीच झोप-भूक दोन आठवडे बिघडली तर त्याच १४४१६ वर स्वतःसाठी फोन करा.

माणूस बरं झालं, गोळ्या थांबल्या, की एक काम उरतं. पहिल्या खेपेनंतर साधारण निम्म्या लोकांना हा आजार पुन्हा कधीतरी गाठतो. म्हणून तब्येत चांगली असतानाच दोघांनी बसून एक कागद लिहा. सुरुवात कशी झाली होती: झोप आधी गेली का भूक, फोन उचलणं कधी बंद झालं. कोणती गोळी, किती डोसची लागू पडली, कोणती सोसली नव्हती. कोणते शब्द ऐकून बरं वाटलं, कोणते नको होते. पुन्हा असं झालं तर पहिला फोन कुणाला करायचा आणि दवाखान्यात नेण्याचा हट्ट कुणी धरला तर चालेल, हे त्या माणसाच्याच हाताने लिहून घ्या. हा कागद केसपेपरच्या पिशवीत ठेवा आणि त्याचा एक फोटो दोघांच्याही मोबाइलमध्ये असू द्या.